बाकडं काढण्याचं प्रशिक्षण

"बसायला बाकडं, आणि म्हणे हजारांतून निवडलेले," धाकटीच्या कानाशी कोणीतरी कुरकुरलं. "सरका हो जरा. अजून. माझं निम्मं बूड हवेत आहे."

कुरकुरणारा तरुण विद्यापीठात पहिला आलेला होता. नाव सांगायच्या आधी तो हे सांगत असल्यामुळे नाव कोणी विचारलंच नाही. सगळे त्याला सुवर्णपदक म्हणू लागले. उशिरा आल्यामुळे त्याला स्वागतकक्षातल्या बाकड्याचं उजवं टोक मिळालं होतं. आतून बोलावणं आलं, सगळे एकदम उठले, आणि उजव्या टोकाकडून 'चर्र' असा आवाज झाला. बाकड्यातून वर आलेल्या एका खिळ्याने सुवर्णपदकाची नवी पँट धरून ठेवली होती. त्याने बॅग मागे धरली आणि खेकड्यासारखा तिरका चालत तो आपल्या कारकिर्दीत शिरला.

सल्ला ही जगातली एकमेव वस्तू आहे, जी दुसऱ्याला देण्यासाठी आपल्याकडे असावी लागत नाही. वाटीभर साखर द्यायची तर आधी घरात साखर लागते. सल्ल्याचं तसं नाही. मात्र तो न विचारता दिला तर त्याला आगाऊपणा म्हणतात आणि बिल लावून दिला तर व्यवसाय. आगाऊपणाकडून व्यवसायाकडे जाण्याची वाट बिकट आहे. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना ती एकट्याने चालवत नाही. म्हणून ह्या काचेच्या इमारतीत त्यांच्यासाठी प्रशिक्षणाची सोय केलेली होती. (इमारत काचेची असण्याचं कारण पारदर्शकता. आतून बाहेरचं सगळं दिसे. बाहेरून आतलं दिसत नसे, पण तो काचेचा दोष.)

धाकटी ह्या बॅचमध्ये वयाने सगळ्यांत लहान होती आणि घरातही शेंडेफळच. तिचे वडील टॅक्सी चालवत. गेल्या वर्षी त्यांची पाठ धरली, तेव्हापासून टॅक्सी दारात उभी होती आणि ते रोज सकाळी ती पुसत. धाकटीचं प्रशिक्षण संपून तिला कायमची नोकरी लागली, की टॅक्सी विकायची आणि पाठीचं ऑपरेशन करायचं, असं घरात ठरलेलं होतं. आईने ही नोकरी लागल्यातच जमा धरून सगळ्या जिन्याला सांगून टाकलं होतं. त्यामुळे धाकटीपुढे दोनच रस्ते होते: कायम होणं, किंवा जिना सोडून दुसऱ्या मार्गाने घरी जायला शिकणं.

"पण तू तिथे करणार काय?" पहिल्या रात्री जेवताना वडिलांनी विचारलं.

"लोकांचे धंदे कसे चालावेत ते सांगायचं."

"न चालणारे धंदे?"

"चालणारेसुद्धा."

वडिलांनी घास तोंडात ठेवला आणि बराच वेळ चावला. "गाडी चालू असताना बॉनेट उघडत नाहीत, बरं का," ते म्हणाले. आईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं आणि धाकटीच्या ताटात न मागता वाढलं.

प्रशिक्षणाचे प्रमुख एक गृहस्थ होते, ज्यांना सगळे मुद्दे सर म्हणत. ते कोणत्याही प्रश्नाचं उत्तर तीन मुद्द्यांत देत. चहा घेणार का विचारलं तरी एक बोट वर करत. दोनच मुद्दे सुचले तर तिसरा 'आणि अर्थातच, माणसं' हा असे. माणसं हा मुद्दा नेहमी तिसरा येई आणि वेळेअभावी राहून जाई.

अभ्यासक्रम विचारपूर्वक आखलेला होता. पहिला विषय: मान हलवणे. सामान्य माणूस मान कशीही हलवतो आणि पस्तावतो. इथे मानेचे तीन प्रकार शिकवले जात. पहिली मान खाली-वर, सावकाश: 'ऐकतो आहे'. दुसरी किंचित तिरकी, डोळे बारीक करून: 'समजलं' (ही न समजल्यावर वापरायची). तिसरी एकदाच, जड, हनुवटी छातीकडे नेऊन: 'असं आम्ही दुसरीकडेही पाहिलेलं आहे'. तिसरी मान अवघड असते. ती जमायला कुठेही काहीही पाहिलेलं नसावं लागतं, नाहीतर चेहऱ्यावर आठवण उमटते. धाकटीला तिसरी मान कधीच नीट जमली नाही. तिला दर वेळी खरंच काहीतरी आठवे.

दुसरा विषय: वर्ज्य वाक्यं. 'बंद करा' असं म्हणायचं नाही. 'लक्ष एकवटा' म्हणायचं. 'माणसं काढा' असं म्हणायचं नाही. 'रचना सुटसुटीत करा' म्हणायचं. 'माहीत नाही' असं तर स्वप्नातही म्हणायचं नाही. 'ते आपण स्वतंत्रपणे बघू' म्हणायचं, आणि बघायचं नाही. प्रत्येक वर्ज्य वाक्यासमोर त्याचा पर्याय पडद्यावर येई आणि मुलं तो एका सुरात म्हणत. सगळ्यांत शेवटी एक वाक्य आलं: 'तुमचं बरं चाललंय.' त्यासमोर पर्याय नव्हता, नुसती फुली होती.

"सर, ह्याच्याऐवजी काय म्हणायचं?" धाकटीने विचारलं.

मुद्दे सरांनी बोट वर केलं. "एक, शंभरातल्या नव्याण्णव धंद्यांत काहीतरी चुकतच असतं. दोन, उरलेल्या एकात अजून आपण गेलेलो नाही. आणि अर्थातच, माणसं."

सगळ्यांनी दुसरी मान हलवली.

तिसरा आणि मुख्य विषय प्रत्यक्ष सरावाचा. डॉक्टर होऊ घातलेल्यांना चिरायला प्रेतं देतात. सल्लागार होऊ घातलेल्यांना काकू देत असत.

काकू म्हणजे गोल चेहऱ्याच्या, साठीकडे झुकलेल्या, मोठी पर्स पोटाशी धरून बसणाऱ्या बाई. त्यांचं हुद्द्याचं नाव 'सराव-क्लायंट' असं होतं. फिरत्या खुर्चीवर बसून त्या आपल्या दुकानाची माहिती सांगत, मुलं त्यांना प्रश्न विचारत, आणि शेवटच्या दिवशी वरच्या मजल्यावर बसणाऱ्या, संस्थेचे मालक असलेल्या भागीदारांसमोर त्यांना सल्ला देत. काकूंची वाक्यं पाठ होती. मधल्या वेळात त्या खुर्चीशी भांडत. "ही मला सारखी खिडकीकडे का वळवते? मी सरळ बसले तर हिला काय त्रास आहे?"

काकूंचं दुकान कपडे अल्टर करण्याचं होतं. लांबाचं आखूड, सैलाचं घट्ट, आणि लग्न होऊन वर्ष झालं की घट्टाचं पुन्हा सैल. दुकानात काकूंखेरीज तीन बायका, चार मशिनं, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकांना बसायला एक लाकडी बाकडं. लोक येत, बाकड्यावर बसत, बोलत, आणि काम करून घेऊन जात. धंद्याचा आलेख पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत आडवा, सरळ, एखाद्या निजलेल्या माणसासारखा होता.

"सरळ रेष दिसली की काय समजायचं?" मुद्दे सरांनी विचारलं.

"स्थैर्य," धाकटी म्हणाली.

"साचलेपण," सुवर्णपदक म्हणाला, आणि त्याला शाबासकी मिळाली.

पेपरचं बरोबर उत्तर आधीपासून ठरलेलं होतं, आणि ते संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं: बाकडं काढा. बाकड्यावर बसलेलं गिऱ्हाईक जागा खातं, कामगारांशी बोलतं, उत्पादन करत नाही. ते काढून तिथे टोकन देणारं यंत्र बसवावं. ह्या एका शिफारशीवर बॅचमागून बॅच कायम झाली होती. ही शिफारस पहिल्यांदा ज्याने केली, त्याला त्याच वर्षी बढती मिळाली आणि प्रशिक्षण विभाग मिळाला. ते अर्थात मुद्दे सर. संस्थेला त्या शिफारशीचा इतका अभिमान होता, की दुकानातून काढलेलं ते बाकडं तिने विकत घेऊन स्वागतकक्षात मांडलं होतं. वर पितळी पाटी होती: 'बदलाची सुरुवात बसल्या जागेवरून उठण्याने होते.' (सुवर्णपदकाचा बदल तिथेच सुरू झाला होता.)

तर सुवर्णपदक पहिले काही दिवस कोट कमरेला बांधून हिंडत होता. दुसरी पँट घरी होती, पण ती मुलाखतीची. ती भागीदारांसाठी राखून ठेवलेली. शेवटी एका चहाच्या सुट्टीत काकूंनीच त्याला बोटाने बोलावलं.

"वळ बाळा. लाजू नकोस. माझ्यासमोर मोठमोठे वळलेत."

त्यांनी पर्समधून सुई काढली, दोरा एका झटक्यात ओवला, आणि तो उभा असतानाच शिवायला घेतलं. "श्वास रोखून धर. हललास तर मी जबाबदार नाही." मग टाका ओढता ओढता, चहा फिका आहे म्हणावं तितक्या सहज, त्या म्हणाल्या, "माझं दुकान खरं होतं, बरं का."

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे खरं. बाकडं काढलं, ते यंत्र बसवलं. लोक यायचे, नंबर घ्यायचे आणि निघून जायचे. मग नुसतेच निघून जायला लागले. एक बाई कमी केली, मग दुसरी. तिसरी आपणहून गेली, शहाणी होती. मग शटर. तेव्हा ह्या लोकांनीच बोलावलं. म्हणाले, काकू, तुमचा अनुभव वाया कशाला घालवायचा." त्यांनी दोरा दाताने तोडला. "झालं. बस आता निवांत. पण त्या टोकाला नको."

संस्था आपल्या क्लायंटला वाऱ्यावर सोडत नाही, ते असं. बुडालेल्याला बुडण्यातलाच रोजगार देणं सगळ्यांना सुचत नाही. चहाच्या खोलीत सगळ्यांनी पहिली मान हलवली, मग दुसरी, आणि कप विसळायला एकदम गर्दी झाली. त्यानंतर त्या गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही. बरोबर उत्तर मात्र सगळे पाठ करत राहिले.

बाकड्याची स्लाइड धाकटीच्या वाट्याला आली. भागीदारांसमोर शेवटी ती तिनेच मांडायची होती. घरी तिने ती आरशासमोर दहादा म्हणून पाहिली. आई इस्त्री करता करता ऐकत होती. तिला त्यातलं फक्त 'बाकडं' कळलं.

"कुणाचं बाकडं गं?"

"एका बाईंचं. काढायला सांगायचंय."

"मोडलंय?"

"नाही."

"मग?"

धाकटीने तिसरी मान करून पाहिली. आई म्हणाली, "मान का अवघडलीय? बाम लावू का?" आतल्या खोलीतून वडील उठून बसल्याचा आवाज आला. त्यांना हल्ली उठून बसायला वेळ लागे, आणि तो आवाज सगळं घर ऐकून न ऐकल्यासारखं करी.

शेवटच्या दिवशी सभागृहात दोन भागीदार आले. ते इतके वरिष्ठ होते, की त्यांना मान हलवायचीही गरज पडत नसे. त्यांच्या पापण्या हलत. मुद्दे सर कडेला उभे होते. सुवर्णपदकाने मुलाखतीची पँट घालून बाजारपेठेचं विश्लेषण मांडलं. ते फार सुरेख झालं. त्यात एक वर्तुळ होतं, त्यात दुसरं वर्तुळ होतं आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत काकू होत्या. काकू खिडकीकडे वळल्या होत्या. त्यांनी पायाने जमीन ढकलून स्वतःला परत समोर आणलं आणि पाठ असलेलं शेवटचं वाक्य म्हटलं, "मग मी आता काय करू?"

ह्यावर धाकटीने 'तीन गोष्टी' असं म्हणून बटण दाबायचं होतं. पडद्यावर बाकडं यायचं होतं आणि त्यावर लाल फुली. तिने बोट बटणावर ठेवलं. दारातली टॅक्सी तिच्या डोळ्यांसमोर आली. वडील ती पुसत होते आणि बॉनेट बंद होतं.

"काहीच नको, काकू," ती म्हणाली. "तुमचं बरं चाललं होतं."

भागीदारांच्या पापण्या पहिल्यांदाच थांबल्या.

"'होतं' म्हणजे?" मुद्दे सरांनी विचारलं.

"म्हणजे आपण जायच्या आधी, सर."

"ह्या निष्कर्षाला आधार काय?"

"आलेख सरळ होता. तिन्ही बायका टिकून होत्या. लोक येत होते." मग तिने नको तेच विचारलं. "बाकडं काढायला काय आधार होता, सर?"

हा प्रश्न त्या इमारतीत आजवर कोणी विचारला नव्हता. मुद्दे सरांनी बोट वर केलं. "एक," ते म्हणाले. बोट वरच राहिलं. भागीदारांच्या पापण्या त्या बोटाकडे वळल्या. दोन आलं नाही. माणसंही आली नाहीत.

"सांगू का सर, की तुम्ही सांगता?" काकू म्हणाल्या.

मुद्दे सर बोटाकडेच बघत राहिले.

"बरं, मी सांगते. हे सर पहिल्या दिवशी दुकानात आले, तेव्हा ह्या पोरांएवढेच होते. नवा कोरा सूट. बाकड्यावर बसले, उजव्या टोकाला. उठले तेव्हा पँट फाटली. लाजून अगदी लाल. मीच शिवून दिली. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आले, त्यात बाकडं काढा असं लिहिलं होतं." काकूंनी पर्स पोटाशी नीट धरली. "एवढंच. तुम्हाला खिळा लागला होता, सर."

सुवर्णपदकाचा हात नकळत मागे गेला. मग थोरल्या भागीदारांनी तिसरी मान हलवली: असं आम्ही दुसरीकडेही पाहिलेलं आहे. त्यांच्या बाबतीत ते खरं असावं. धाकट्या भागीदारांनी ते आपण स्वतंत्रपणे बघू असं सांगितलं आणि जेवायची सुट्टी झाली.

संस्थेने घेतलेले निर्णय दुपारीच कळवण्यात आले. सुवर्णपदक कायम. मुद्दे सरांना, खुल्या चर्चेचं वातावरण निर्माण केल्याबद्दल, बढती. काकूंची भूमिका पूर्णत्वास गेली असल्याचं मान्य करण्यात आलं. धाकटीच्या गुणांना अन्यत्र अधिक वाव मिळेल असा विश्वास व्यक्त झाला. (हा विश्वास फार पसरट असतो. त्यात 'अन्यत्र' कुठे ते कधीच येत नाही.) आणि स्वागतकक्षाची रचना सुटसुटीत करण्यासाठी बाकडं काढावं असं ठरलं. स्वतःचा सल्ला स्वतः अमलात आणणाऱ्या संस्था कमी, त्यामुळे ह्याची नोंद घ्यायला हवी.

संध्याकाळी इमारतीबाहेरच्या फुटपाथवर ते बाकडं होतं. पितळी पाटी काढून घेतली होती. बाकड्यावर काकू आणि धाकटी बसल्या होत्या. अर्थात डाव्या बाजूला. धाकटीच्या मांडीवर तिची बॅग होती आणि कानाला फोन.

"झालं का कायम?" पलीकडून वडिलांनी विचारलं.

"नाही, बाबा. गेली."

पलीकडे उठून बसल्याचा आवाज आला, तो सावकाश, नेहमीचा.

"काय झालं?"

"बॉनेट उघडलं नाही मी."

"मग बरं केलंस," वडील म्हणाले. ते खोटं बोलत होते हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यांना कळलं. "जिन्यातून ये. दुसरीकडून येऊ नकोस. आई बघून घेईल सगळ्यांना."

फोन ठेवून तिने डोळे पुसले. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. कोणी रडत असताना दुसरीकडे बघायचं, हे शिवणकामाच्या दुकानात कोणाला शिकवावं लागत नाही. मोठ्या माणसांना मापं देताना बऱ्याचदा रडू येतं.

रडू ओसरल्यावर धाकटीला काहीतरी करावंसं वाटलं. चांगल्या माणसांना वाटतं तसं. तिने फुटपाथच्या कडेचा एक दगड उचलला आणि उजव्या टोकाशी जाऊन वाकली.

"काय करतेस?"

"खिळा ठोकते. एवढंच तर करायचं होतं, काकू. इतकं सोपं. तुम्ही तेव्हाच का नाही ठोकून घेतलात? ना त्यांची पँट फाटती, ना बाकडं जातं, ना दुकान."

काकूंनी तिचं मनगट धरलं. शिवणाऱ्या बाईच्या मानाने पकड बरीच घट्ट होती.

"हात लावू नकोस त्याला," त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून, आजवर ना मुद्दे सरांना, ना त्या तिघी बायकांना, ना नवऱ्याला सांगितलेलं त्या बोलल्या. "माझं निम्मं दुकान त्या खिळ्यावर चाललं, बाई. लोक बसायचे आखूड करायला आणि उठायचे शिवायला. शेजारचा सुतार दर महिन्याला म्हणायचा, ठोकून देतो, फुकट देतो. मी त्याला चहा पाजून परत पाठवायची."

धाकटीच्या हातातून दगड पडला.

ज्यांनी ही हकीकत इथवर वाचली, त्यांच्याबद्दल आदरपूर्वक एक गोष्ट नमूद करायला हवी. सुवर्णपदकाची पँट फाटली त्याच क्षणी तुम्ही मनात म्हणाला होतात, की खिळा ठोकायला काय होतं. कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही दुकान पाहिलं नव्हतं, काकूंना ओळखत नव्हतात, आणि तेव्हापासून हातात हातोडी घेऊन बसला आहात. ह्याला उपजत गुण म्हणतात. संस्था अशाच माणसांच्या शोधात असते.

तेवढ्यात कोटातला एक माणूस काचेच्या इमारतीतून बाहेर आला. दमलेला दिसत होता. बाकड्यापाशी थांबून त्याने विचारलं, "इथे जरा टेकलं तर चालेल?"

काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या माणसाच्या नव्या पँटकडे, आणि मग ती डावीकडे आणखी थोडी सरकली.

"बसा की," ती म्हणाली, आणि तिची तिसरी मान आयुष्यात पहिल्यांदा अगदी बरोबर हलली.

बाकडं अजून तिथेच आहे. वाचून पाय दुखले असतील तर तुम्हीही टेका. उजवं टोक बहुतेक रिकामंच असतं.